छोट्या गाडीला मोठे माप द्या

आगगाडीची प्रतिकृती करण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल, काहींना तो नव्याने लावून घ्यायचा असेल. त्यातही माथेरानची, दार्जिलिंगची किंवा आपल्या बार्शी लाइटसारखी छोटी गाडी करायची, असे मनात आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो मापाचा. गाडी किती लहान करायची? रुळांमध्ये अंतर किती ठेवायचे? या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एक ठरावीक उत्तर मिळते : "घरात जागा कमी आहे ना? मग जितके लहान माप मिळेल तितके घ्या." हा सल्ला मला मान्य नाही. अरुंदमापी, म्हणजे नॅरोगेज गाडीच्या बाबतीत तो बरोबर उलटा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे आज तुमच्यापुढे मांडतो. पटले तर घ्या. न पटले तर पट्टी आणि पेन्सिल घेऊन मला खोडून काढा.

प्रमाण वेगळे, गेज वेगळा

आधी दोन शब्दांतला घोटाळा दूर करू. प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटींनी लहान केली ते. १:८७ म्हणजे मुळातले ८७ मिलिमीटर आपल्याकडे १ मिलिमीटर. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर. या दोन गोष्टींना जोडणारे सूत्र अगदी सोपे आहे :

प्रतिकृतीचा गेज × प्रमाणाचा आकडा = मुळातला गेज

हे सूत्र पाठ करा, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. आपल्या देशात रुंदमापी रेल्वेचा गेज १६७६ मि.मी., मीटरमापीचा १००० मि.मी. आणि अरुंदमापीचे दोन, ७६२ मि.मी. (अडीच फूट) व ६१० मि.मी. (दोन फूट). कालका-सिमला आणि बार्शी लाइट या अडीच फुटी. दार्जिलिंग आणि माथेरान या दोन फुटी. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दिसणारा तथाकथित प्रमाणभूत गेज मात्र १४३५ मि.मी. आहे.

बाजारात मिळणारे खेळण्यातले रूळ या १४३५ साठी बनवलेले असतात. त्यांतले सर्वांत जास्त चालणारे १६.५ मि.मी. गेजचे. १६.५ ला ८७ ने गुणा, १४३५ येतात. म्हणून १:८७ हे प्रमाण. त्याला हौशी लोक 'एच.ओ.' म्हणतात. त्याहून लहान ९ मि.मी.चे रूळ १:१६० साठी. त्याला 'एन' म्हणतात. मोठ्या अंगाला ३२ मि.मी.चे आणि ४५ मि.मी.चे रूळ मिळतात.

पण अरुंदमापी गाडीसाठी वेगळे रूळ सगळीकडे कुठून मिळणार? तेव्हा हौशी लोकांनी एक छान युक्ती काढली. गाडी एका मापाची करायची आणि ती त्याहून लहान मापाच्या तयार रुळांवर चालवायची! १:८७ ची गाडी ९ मि.मी.च्या रुळांवर ठेवा. ९ × ८७ = ७८३. मुळात हवे होते ७६२. फरक अवघा २१ मि.मी.चा, म्हणजे शेकडा तीनपेक्षाही कमी. डोळ्याला तो दिसतही नाही.

मग झाले तर! १:८७ घ्या, ९ मि.मी.चे रूळ घ्या, प्रश्न सुटला. इतका चांगला मेळ असताना मी का विरोध करतो?

संपूर्ण गाडीमार्ग कोणत्याच मापात मावत नाही

"लहान माप घेतले की जास्त मावते," या समजुतीची आधी परीक्षा करू. नेरळ ते माथेरान हा मार्ग सुमारे २० किलोमीटरांचा आहे. १:८७ प्रमाणात त्याची लांबी २३० मीटर भरेल. तुमच्या शाळेचे क्रीडांगणही पुरायचे नाही! माथेरानचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. तो १:८७ मध्ये नऊ मीटरांहून उंच होईल. बरे, आणखी लहान, १:२२० हे अगदी चिमुकले माप घेतले, तरी मार्ग ९० मीटर आणि डोंगर साडेतीन मीटर. छताला भोक पाडावे लागेल.

याचा अर्थ काय? तुम्ही कोणतेही माप घ्या, घरात मावणार आहे तो मार्गाचा एक तुकडाच. एखादे स्थानक, एखादा पूल, एखादे वळण. आणि तुकडाच करायचा आहे, तर तो नीट दिसेल, हाताला नीट घडवता येईल असा का करू नये? लहान मापाने आपण मार्ग वाचवत नाही, तपशील मात्र गमावतो.

दुसरी गोष्ट वळणांची. मोठ्या गाडीची प्रतिकृती करणाऱ्याला लहान माप घेणे भागच असते. आपल्या रुंदमापी मार्गावरचे आवळातले आवळ वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते. १:८७ मध्ये ते दोन मीटर त्रिज्येचे झाले. गाडीला गोल फिरवायचे तर चार मीटरांची खोली हवी. पण अरुंदमापी रेल्वे जन्मालाच आली ती जागा वाचवण्यासाठी. दार्जिलिंगच्या मार्गावर सर्वांत आवळ वळण सुमारे १८ मीटर त्रिज्येचे आहे. ते १:८७ मध्ये २१ सेंटिमीटर आणि १:४८ मध्ये साडेसदतीस सेंटिमीटर होते. म्हणजे गाडी जवळजवळ दुप्पट मोठी करूनही वळण टेबलावर बसते. मूळ इंजिनिअरांनी जी जागा डोंगरात वाचवली, ती तुम्हाला खोलीत आयती मिळते. ती कशासाठी खर्च करायची? माझे उत्तर : माप मोठे करण्यासाठी.

वजन, वेग आणि धूळ

आता थोडे पदार्थविज्ञान. लांबी दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. १:४८ ची वस्तू १:८७ च्या वस्तूपेक्षा १.८ पट लांब असते; पण तिचे घनफळ, आणि त्याच साहित्याची भरीव असेल तर वजनही, जवळजवळ सहापट असते. प्रतिकृतीच्या एंजिनाला वजन हवेच असते. चाके रुळांवर घट्ट टेकतात ती वजनामुळे. त्याशिवाय घर्षण मिळत नाही, आणि घर्षणावाचून एंजिन डबे ओढू शकत नाही. शिवाय बहुतेक विजेच्या गाड्यांना वीज रुळांतूनच, चाकांच्या वाटे मिळते. हलके एंजिन धुळीच्या कणावरून जाताना अडखळते, थबकते. आणि आपल्याकडे धूळ किती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वेगाचेही तसेच. छोट्या गाड्या डौलात, सावकाश जातात. तीच त्यांची शोभा. ताशी २० किलोमीटर हा वेग १:८७ मध्ये सेकंदाला सव्वासहा सेंटिमीटरांच्या आसपास येतो, १:४८ मध्ये साडेअकरा. अगदी बारीक मोटर इतक्या मंद गतीने न धक्के देता चालवणे कठीण जाते. मोठ्या मापात मोटरीला, दंतचक्रांना जागा मिळते.

या जागेच्या प्रश्नाने एकदा मोठीच गंमत झालेली आहे. ब्रिटनमधली एंजिने युरोपातल्यापेक्षा अंगाने सडपातळ. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात तेव्हाच्या मोटरी मावेनात. मग तिकडच्या कारखानदारांनी गाडीचे माप वाढवून १:७६ केले, रूळ मात्र तेच १६.५ मि.मी.चे ठेवले. गुणाकार करून पाहा : १४३५ ऐवजी १२५७ च्या आसपास येतात! ब्रिटनमधल्या हजारो घरांत आजही मोठ्या गाड्या अशा अरुंद रुळांवर धावत आहेत. याला 'ओ.ओ.' म्हणतात. तेव्हा तडजोड ही कमीपणाची गोष्ट नाही. ती किती आणि कुठे करतो आहोत, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

सवालाचे दुसरे टोक

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचे म्हणणे असे, की गेज तंतोतंत नसेल तर प्रतिकृती करूच नये. या मंडळींबद्दल मला आदर आहे; पण तुमच्या वयाच्या मुलांनी त्यांचे ऐकले तर छंद सुरूच होणार नाही. ७६२ ला तंतोतंत बसेल असे माप १६.५ मि.मी.च्या रुळांसाठी काढायचे तर १:४६ हवे. पण १:४६ ची माणसे, बैलगाड्या, सिग्नल कोण करतो? तुमच्या मित्राचा डबा तुमच्या एंजिनाला जोडता येईल का? प्रमाण ही भाषेसारखी गोष्ट आहे. ती दोघांची सारखी असली तरच बोलणे होते.

म्हणून माझा साधा नियम असा : गेजमधली चूक शेकडा पाचाच्या आत असेल तर खुशाल तयार रूळ वापरा. त्याहून जास्त असेल तर माप बदला, किंवा रूळ स्वतः घाला. हा नियम लावून काही जोड्या तपासू.

अडीच फुटी मार्ग, १:८७, ९ मि.मी. : ७८३ येतात. चालेल.
अडीच फुटी मार्ग, १:४८, १६.५ मि.मी. : ७९२ येतात, चूक शेकडा ४. चालेल.
अडीच फुटी मार्ग, १:७६, ९ मि.मी. : ६८४ येतात, चूक शेकडा १०. नको.
दोन फुटी मार्ग, १:८७, ९ मि.मी. : ७८३ येतात, चूक शेकडा २८. अजिबात नको.
दोन फुटी मार्ग, १:१९, ३२ मि.मी. : ६०८ येतात. उत्तम.
मीटरमापी मार्ग, १:८७, १२ मि.मी. : १०४४ येतात. चालेल.

चौथी ओळ पुन्हा वाचा. माथेरानच्या गाडीची १:८७ प्रतिकृती ९ मि.मी. रुळांवर ठेवणे ही फार सोयीची वाट आहे. पण तिथे गाडीचे सारे रूपच बिघडते. अरुंदमापी गाडी ओळखू येते ती कशावरून? रुंद अंग आणि खाली जवळ-जवळ आलेली चाके, यावरून. रुंदमापी डबा रुळांमधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा थोडा कमीच रुंद असतो. अरुंदमापी डबा पावणेतीन-तीनपट रुंद असू शकतो. रूळ पाव हिश्शाने फाकवले, की हे डुलणारे, तोल सांभाळणारे रूप नाहीसे होते. मग ती माथेरानची गाडी राहत नाही. कोणतीही गाडी होते.

मग घ्यावे तरी काय?

माझी शिफारस स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या मुलाने बार्शी लाइट करावी, ती १:४८ प्रमाणात करावी आणि १६.५ मि.मी.च्या रुळांवर चालवावी.

बार्शी लाइट का, ते आधी सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअराने ही रेल्वे बांधली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड (म्हणजेच कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. कॅलथ्रॉपने एक नेमका विचार केला होता : कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही त्याची एंजिने आणि लांब डबे सुखाने धावू लागले. हाच विचार घेऊन त्याने पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली रेल्वे आखली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. इतक्या थोड्या आयुष्याची ही रेल्वे. तरी तिकडचे हौशी लोक आजही तिच्या प्रतिकृती आवडीने करतात. तिची थोरली बहीण आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, हे आपल्यालाच माहीत नसते! हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी टाकण्याच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले.

आता १:४८ का? बार्शी लाइट बांधली गेली फूट-इंचांच्या काळात. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. चार फुटांना एक इंच. समजा, जुन्या आराखड्यात डबा ४० फूट लांब दाखवला आहे. तुमचा डबा १० इंच, गणित संपले. अडीच फुटी मार्गाचा ५ फुटी स्लीपर सव्वा इंचाचा. साध्या पट्टीने सारे काम होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे माणसे. साडेपाच फूट उंचीचा माणूस १:८७ मध्ये १९ मि.मी.चा, १:४८ मध्ये ३५ मि.मी.चा होतो. ३५ मि.मी.चा वारकरी मातीने किंवा कागदाच्या लगद्याने घडवता येतो. त्याचे मुंडासे, खांद्यावरची पताका, बाईच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन, सारे काही ओळखू येते. पंढरीच्या यात्रेकरूंवाचून बार्शी लाइटचे चित्र पुरे कसे होईल? १९ मि.मी. मध्ये हे हाताने करून पाहा. दहापैकी नऊ मुले कंटाळून विकतच्या माणसांकडे वळतील, आणि विकतची माणसे हॅट घालून येतील!

जागा किती लागेल? एक एंजिन आणि तीन डबे धरले तर गाडी साधारण एक मीटर लांब. दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद फळी घेतलीत तर एक स्थानक, एक बाजूचा मार्ग, एक माल चढवण्याचा धक्का आणि एक बाभळीचे झाड सहज मावेल. गोल फिरणारी गाडी सुरुवातीला नकोच. स्थानकात येणारी, एंजिन सुटे करून दुसऱ्या टोकाला लावणारी आणि पुन्हा निघणारी गाडी कितीतरी जास्त खरी वाटते.

तयार रूळ वापरताना मात्र एक काळजी घ्या. १:८७ साठी केलेल्या रुळांखालचे स्लीपर बारीक आणि फार जवळ-जवळ असतात. १:४८ ची गाडी त्यांवर ठेवली की डोळ्यांना खटकते, ते गेजमुळे नव्हे, या स्लीपरांमुळे. ते काढून टाका आणि सव्वा इंच लांबीच्या जाडसर काड्या विरळ अंतराने लावा. या एका कामाने शेकडा चारची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

माथेरानवाल्यांनी रागावू नये. त्यांच्यासाठी १:१९ आणि ३२ मि.मी. ही जोडी आहेच. पण ती गच्चीवर किंवा अंगणात शोभेल. १८ मीटरांचे वळण तिथे ९५ सेंटिमीटरांचे होते. आणि ज्यांना गाडीपेक्षा घाट, दरी, झाडी यांचेच वेड आहे, त्यांनी १:८७ घ्यावे. मात्र मार्ग अडीच फुटी निवडावा.

खर्च न करता परीक्षा घ्या

माझे म्हणणे खरे की खोटे, हे एका रविवारी ताडून पाहा. जाड पुठ्ठ्यावर १६.५ मि.मी. अंतराने दोन रेघा ओढा. एका डब्याची मापे घेऊन पुठ्ठ्याचाच डबा १:४८ मध्ये करा; दुसरा १:८७ मध्ये करून ९ मि.मी.च्या रेघांवर ठेवा. दोन्ही डोळ्यांच्या पातळीला आणा आणि आठ दिवस येता-जाता पाहा. कोणत्या डब्याची खिडकी तुम्हाला कापता आली? कोणत्यात बाक बसवावेसे वाटले? हात आणि डोळा जे सांगतील तेच माप तुमचे. मी चुकलो असेन तर तो पुठ्ठा तुम्हाला सांगेल.

हा केवळ खेळ नाही

शेवटी एक गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहिला. कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज या मार्गावरचे अडीच फुटी रूळ या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत उखडले गेले आणि तिथे रुंदमापी मार्ग आला. ते योग्यच झाले; माणसांना वेगाने आणि सोयीने जाता आले पाहिजे. विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या 'शकुंतले'चे वाफेचे एंजिन तर १९९४ मध्येच निवृत्त झाले. पण रूळ गेले की त्याबरोबर स्थानकाची कौलारू खोली, पाण्याची टाकी, तिकिटाची खिडकी, नावाची पाटी हेही जाते. त्यांची मापे कोणी घेऊन ठेवली आहेत का? मोठ्या एंजिनांची चित्रे पुस्तकांत मिळतील. लहान स्थानकातली पाण्याची टाकी किती फूट उंच होती, हे कोणते पुस्तक सांगणार?

ते तुम्ही सांगू शकता. तुमच्या गावाजवळ जुन्या मार्गाचे काही उरले असेल तर वडीलधाऱ्यांना घेऊन, परवानगी काढून जा. चालू मार्गावर पाऊल ठेवू नका; बाहेरूनच टेप लावा. दाराची उंची, भिंतीची लांबी, खांबांमधले अंतर वहीत लिहा. काही स्थानकांबाहेर जुनी एंजिने चौथऱ्यावर ठेवली आहेत, त्यांच्या चाकांचा व्यास मोजा. गावातल्या जुन्या माणसांना विचारा : डब्याला रंग कोणता होता, बाक कसे होते, चढताना पायरी किती उंच लागायची.

आणि इथेच मोठ्या मापाचे खरे मोल कळते. १:४८ मध्ये एक इंचाची वस्तू अर्ध्या मिलिमीटरची होते. ती अजून हातात धरता येते, दाखवता येते. १:८७ मध्ये ती ०.३ मि.मी. राहते आणि आपण ती सोडून देतो. दाराची कडी सोडली, मग खिडकीचा गज सोडला, मग पाटीवरची अक्षरे सोडली. असे करत करत प्रतिकृती उरते, पण साक्ष जाते.

तेव्हा मित्रांनो, रूळ विकत घ्यायला धावू नका. आधी मार्ग निवडा, मग त्याची मापे घ्या, मग प्रमाण ठरवा, आणि गेज शेवटी, सूत्र लावून. आणि तुमच्या आजोबांनी ज्या स्थानकावर गाडीची वाट पाहिली, ते स्थानक अजून उभे असेल, तर टेप आणि वही घेऊन याच सुट्टीत तिकडे जाऊन या.